जावकरावांची बांधाबांध

अक्काच्या साठाव्या वाढदिवसाची भेट कार्डापासून खोक्यापर्यंत सगळी आपल्या हातची असेल, असं जावकरावांनी जाहीर केलं तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघरातले डबे पुसत होती. तिनं हातातला डबा खाली ठेवला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याच्या घोषणांसाठी घरातली कामं थांबत नाहीत. तिनं फक्त विचारलं,

“आपल्या म्हणजे कुणाच्या हातची?”

“माझ्या.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून तिनं पुढचा डबा घेतला. त्या ‘ठीक आहे’त काहीही वावगं नव्हतं, तरी जावकरावांना ते लागलं.

जावकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या कार्यालयात आवक-जावक नावाचा एक विभाग होता आणि त्यातल्या जावक बाजूच्या टेबलावर ते उमेदवारीपासून बसत आले होते. कार्यालयातून बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट, पुडकं आणि गठ्ठा त्यांच्या हाताखालून जाई. साहेब बदलले, छत गळलं, पंखे बदलले, जावकराव तिथेच राहिले. जगात पत्रं लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, नीट बांधणारा माणूस लाखात एक, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणी न विचारता ते सांगत. त्यांनी बांधलेलं पुडकं आजवर वाटेत कधी सुटलं नव्हतं. मुक्कामी पोचल्यावरही ते लवकर सुटत नाही, अशी तक्रार अधूनमधून येई. पण ती तक्रार आवकवाल्यांची. तिच्याशी जावकरावांना कर्तव्य नव्हतं.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि अक्कानं त्यांना वाढवलं, म्हणजे मुख्यतः झापलं. ते नोकरीला लागले, त्यांचं लग्न झालं, केस पिकले, तरी दर रविवारी सकाळी अक्काचा फोन यायचा आणि ते तो कानाला लावून ‘हो अक्का, नाही अक्का, चुकलं अक्का’ एवढंच म्हणत खुर्चीत बसून राहायचे. मग गेल्या वर्षी अक्का नव्या घरात राहायला गेली आणि जावकरावांनी तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घड्याळ चांगलं होतं. इतकं चांगलं की दोन वर्षांपूर्वी अक्कानंच ते पसंत करून जावकरावांना दिलं होतं. घरात आलेल्या भेटी आणि पुढे द्यायच्या भेटी एकाच फळीवर ठेवायची पद्धत अनेक चांगल्या घरांत असते, त्यात जावकरावांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण खोक्याच्या आत अक्काच्या अक्षरातलं कार्डही जसंच्या तसं होतं. ते तिनं पाहुण्यांसमोर बाहेर काढलं, वाचलं, परत आत ठेवलं आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

“घड्याळाचं तिला काही नाही,” अक्काचे यजमान, म्हणजे भाऊजी, नंतर खालच्या आवाजात म्हणाले होते. “तिनं एवढं लिहिलं आणि तुम्ही खोका उघडूनसुद्धा पाहिला नाहीत, हे तिला लागलंय.”

अक्का भांडली असती तर परवडलं असतं, भांडणाची त्यांना सवय होती. पण रविवार सकाळ आली की फोन गप्प आणि जावकरावही गप्प. घरात ‘हो अक्का’ म्हणायला कुणी नाही म्हटल्यावर ती सकाळ त्यांना खायला उठे. हे त्यांनी बायकोला कधी बोलून दाखवलं नाही आणि तिला ते माहीत नाही असंही कधी झालं नाही. आता भाऊजींचा निरोप आला होता: “साठावा आहे, दोघं या. ती बोलेल असं मी म्हणत नाही. पण या.”

भेट काय द्यायची हा प्रश्न बायकोनं एका फेरीत सोडवला. अक्काला वाचायचं वेड आणि डोळे आता साथ देईनात, म्हणून मान हवी तशी वळवता येणारा टेबललॅम्प तिनं आणला आणि विषय संपवला. जावकरावांच्या दृष्टीनं विषय तिथून पुढे सुरू झाला. लॅम्प काय, कुणीही कुणालाही देईल. ही वस्तू फळीवरून उचललेली नाही, हे अक्काला लांबूनच कळायला हवं होतं, आणि ते काम कार्डाचं आणि खोक्याचं.

वरच्या मजल्यावर चित्रकलेच्या बाई राहतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवायच्या थांबल्या नाहीत. कार्डाला चांगला कागद कुठे मिळेल, एवढंच विचारायला जावकराव जिना चढून गेले. बाईंनी त्यांना बसवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “विकतच्या कागदावर केलेलं कार्ड हातचं कसं?”

प्रश्न बिनतोड होता. “कागद घरी करायचा,” बाई म्हणाल्या. “काही अवघड नाही. जुनी वर्तमानपत्रं भिजवायची, वाटायची, जाळीवर पसरायची, वाळवायची.” जी गोष्ट सांगायला चार क्रियापदं पुरतात ती करताना माणूस आडवा होतो, हे जावकरावांना एरवी माहीत होतं. पण त्या दिवशी ते जिना उतरले ते जवळजवळ शीळ घालत.

भिजवणं झालं. बादलीत झालं, आणि बादली न्हाणीघरातली होती म्हणून बायकोनं आंघोळीला पातेलं घेतलं. मग वाटणं. मिक्सरनं पहिला घाणा निमूट वाटला. दुसऱ्या घाण्याला तो वेगळ्याच आवाजात बोलू लागला. तिसऱ्याला त्यानं धूर सोडला आणि कायमचा गप्प बसला. जावकरावांनी बटण दाबून पाहिलं, मिक्सर हलवून पाहिला, कानाशी धरून पाहिला. बायको दारात उभी होती.

“हातचं कार्ड होईल तेव्हा होईल,” ती म्हणाली. “मिक्सर मात्र हातचा गेला.”

उरलेला लगदा जावकरावांनी अंगणातल्या दगडानं ठेचला. मग जाळी हवी होती, म्हणून झोपायच्या खोलीतल्या खिडकीची डासांची जाळी काढली. ही जाळी तात्पुरती काढली आहे, असं त्यांनी सांगितलं, पण डासांना ते कुणी कळवलं नसावं. जाळीवर लगदा पसरून ती वाळत घालायला ते गच्चीवर गेले आणि तिथे त्यांना सोसायटीचे सेक्रेटरी भेटले.

सेक्रेटरी हा माणूस वाईट नव्हे. त्याला फक्त नियम पाठ असतात आणि ते म्हणून दाखवायची संधी फार क्वचित मिळते. “गच्चीवर कपडे वाळत घाला, कुणी काही म्हणणार नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “पण कागद म्हणजे उत्पादन. उत्पादनाला परवानगी लागते.”

“एक कार्ड करतोय हो बहिणीसाठी.”

“आज कार्ड, उद्या छापखाना. अर्ज द्या.”

अर्ज म्हटल्यावर जावकरावांचा चेहरा खुलला. सगळा जन्म त्यात गेला होता. त्यांनी विषय, संदर्भ, मजकूर, सोबतची कागदपत्रं आणि प्रत माहितीस्तव असा अर्ज लिहिला की तो चौकटीत लावावा. सेक्रेटरींनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“यावर आवक क्रमांक नाही.”

“तो तुम्ही घालायचा असतो.”

“माझ्याकडे आवक रजिस्टर नाही.”

“मग क्रमांक येणार कुठून?”

“तेच तर म्हणतोय मी,” सेक्रेटरी शांतपणे म्हणाले आणि अर्ज परत दिला.

जावकरावांनी आयुष्यभर खिडकीच्या आतून लोकांना हेच ऐकवलं होतं. जशास तसं झालं असं कुणी म्हणेल, पण खिडकीच्या बाहेर उभं राहिल्यावर ते तसं वाटत नाही. ते ओली जाळी घेऊन घरी आले. मग लगद्याचे ताव झोपायच्या खोलीत पलंगावर चादर अंथरून पंख्याखाली वाळले. डास, ओला कागद आणि पंखा यांना ती खोली दिल्यावर नवराबायको बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपले. कागद वाळून उचलला तेव्हा त्यावर चादरीच्या विणीचे चौकोन उठले होते.

“छान पोत आलाय,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. त्यांना कशातही पोत दिसे.

पोताबद्दल जावकरावांचं काही म्हणणं नव्हतं. पण वर्तमानपत्र नीट न वाटलं गेल्यानं कागदात जागोजागी छापील तुकडे राहिले होते. एका तावावर ‘पाणीपुरवठा बं’ होतं, एकावर कुणाचा तरी अर्धा चेहरा. सगळ्यांत जाड, गुळगुळीत आणि सरळ कडांचा जो एकच ताव निघाला, त्याच्या उजव्या कोपऱ्यात, मिक्सर आणि दगड दोघांनाही पुरून उरलेले दोन शब्द होते: ‘दुःखद निधन’.

जावकरावांनी ते शब्द नखानं खरवडून पाहिले. साठाव्या वाढदिवसाचं कार्ड, तेही बोलणं टाकलेल्या बहिणीला. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. ती हसते आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

“तेवढ्यावर एखादं फूल चिकटवा,” बाईंनी तोडगा काढला. म्हणून सोसायटीच्या कुंडीतलं एक फूल तोडलं गेलं, त्यावरून सेक्रेटरी आणखी एकदा येऊन गेले, आणि ते फूल जाडजूड शब्दकोशात दाबून ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा ते तपकिरी झालं होतं. कोपऱ्यात चिकटवल्यावर त्याचं आणि खालच्या मजकुराचं चांगलंच जमलं. मग त्याला उठाव यावा म्हणून चमकी आणली. चमकीबद्दल थोडक्यात एवढंच सांगता येईल की ती कार्डावर सोडून सगळीकडे बसली. ती पोळपाटावर बसली, टॉवेलला बसली, जावकरावांच्या भुवयांत बसली. त्या भुवया घेऊन ते साहेबांसमोर सही घ्यायला उभे राहिले, तेव्हा साहेबांनी सही करता करता दोनदा वर पाहिलं आणि “सगळं ठीक ना घरी?” असं विचारलं. या प्रश्नाचा अपमान जावकरावांच्या मनातून पुढचे कितीतरी दिवस गेला नाही.

सरतेशेवटी सोनेरी पुठ्ठ्याचं एक मोठं पान कापून त्या कोपऱ्यावर चिकटवलं आणि निधन प्रकरण मिटलं. राहिला मजकूर. जावकरावांनी पेन धुतलं, शाई भरली आणि जेवणाच्या टेबलावर बसून एका झटक्यात मसुदा लिहून बायकोपुढे धरला. त्यात असं होतं: ‘विषय: आपला साठावा वाढदिवस. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की आपण वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहात. सबब शुभेच्छा. कृपया पोच द्यावी.’

बायकोनं तो दोनदा वाचला. “सबब?”

“बरोबर आहे ते. आधी कारण, मग सबब.”

“आणि हे पोच द्यावी?”

“पोच मागितली की समोरच्याला काहीतरी लिहावं लागतं,” जावकराव पेनाचं टोपण लावत म्हणाले. “मिळालं, एवढं तरी. नाहीतर आपलं गेलं ते पोचलं की वाटेतच राहिलं, माणसाला कळायचं कसं?”

या वेळी बायको हसली नाही. तिनं पेन घेतलं, मसुद्यातल्या बाकी सगळ्या ओळींवर काट मारली आणि तेवढी एक ठेवली. “वर ‘अक्का’ लिहा आणि खाली हे. बास झालं,” ती म्हणाली. कार्डाचा मजकूर एवढा आखूड झाल्याचं जावकरावांना वाईट वाटलं, पण त्या दिवशी वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसे आता समोरच्या दारातले इंजिनिअर आले. हे पूल बांधत असत. निवृत्तीनंतर बांधायला पूल मिळेनात, तेव्हा ते शेजाऱ्यांकडे लक्ष देऊ लागले. लॅम्पची मान लांब आणि बूड जड, तेव्हा तयार खोका त्याला कुठला बसणार? जावकरावांनी पुठ्ठे आणून पसरलेच होते. इंजिनिअर दारातून पाहत उभे राहिले आणि मग चपला काढून आत आले.

“खोका मोडतो कुठे, सांगा पाहू,” त्यांनी विचारलं.

“कोपऱ्यात?”

“झाकणापाशी. झाकण हा कुठल्याही खोक्याचा कमकुवत भाग. तुम्ही झाकण ठेवलंत की संकट ओढवून घेतलंत.”

जावकरावांना इतका जवळचा विचार आयुष्यात कुणाकडून ऐकायला मिळाला नव्हता. वाटेत सुटलेल्या ज्या ज्या पुडक्यांच्या कथा त्यांनी आजवर ऐकल्या होत्या, ती सगळी झाकणापाशीच सुटली होती. दोघांनी मिळून असा खोका आखला की त्याची प्रत्येक बाजू दुसरीच्या पोटात शिरेल, शिरल्यावर आतल्या आत अडकेल आणि बाहेरून सांधा दिसणार नाही. बायकोनं मध्ये काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. पण दोघं पुरुष गुडघ्यांवर बसून मापं घेत होते आणि बायकांनी मध्ये बोललं की माप चुकतं, असा दोघांचाही समज होता. ती परत आत गेली.

लॅम्प आत उभा राहिला, भोवती कागदाच्या चिंध्या ठासल्या. कार्ड बाहेर लावायचं की आत, यावर थोडी चर्चा झाली. बाहेर लावलेली वस्तू गळून पडते हा जावक विभागाचा पहिला धडा, म्हणून कार्डही आत गेलं. शेवटची बाजू आत सरकली तेव्हा खट्ट असा आवाज झाला. इंजिनिअरांनी खोक्यावर हात ठेवून जोर दिला, मग स्वतः बसून पाहिलं. खोका हलला नाही. जावकरावांनी तो उचलून कानाशी नेला, हलवला, आणि आतून काहीच ऐकू आलं नाही तेव्हा त्यांना त्या महिन्यातलं पहिलं समाधान मिळालं.

एवढ्यावर थांबले असते तर ते जावकराव कसले. वरून रंगीत कागद आला. कागदावर सुतळी आली, उभी, आडवी आणि तिरपी, आणि जिथे ती एकमेकींना छेदून गेली तिथे ती खास गाठ आली जी कार्यालयात त्यांच्याशिवाय कुणाला येत नसे. सुतळी भेटीवर बरी दिसत नाही म्हणून बायकोच्या आग्रहाखातर तिच्यावर लाल रिबीन गुंडाळली. आणि गाठींवर लाख. लाखेवर उमटवायला कार्यालयाचा शिक्का घरी आणता येत नाही, ते नियमात बसत नाही, तेव्हा त्यांनी आपल्या कोटाचं बटण वापरलं. हे सगळं झाल्यावर बायकोनं आपल्या साध्या आवाजात म्हटलं, “दिसतंय मात्र छान.” जावकरावांनी ऐकू न आल्यासारखं करून तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

अक्का राहत होती त्या वसाहतीला मोठं फाटक होतं आणि फाटकावर गणवेशातला पहारेकरी. टॅक्सीच्या दारात खोका अडकला होता, तो सोडवताना जावकरावांच्या इस्त्रीच्या शर्टाची एक बाही उसवली होती. पण मान ताठ होती.

“आत काय आहे?” पहारेकऱ्यानं खोक्याकडे बोट केलं.

“टेबललॅम्प.”

“दाखवा.”

“उघडता येणार नाही.”

“का?”

“बांधलंय.”

पहारेकऱ्यानं खोक्याला एक चक्कर मारली. लाखेवर बोट फिरवलं. असलं काही त्याच्या पाहण्यात आलं नव्हतं आणि जे पाहण्यात आलेलं नाही ते आत सोडायचं नाही, एवढं त्याला शिकवलं होतं. जावकरावांनी त्याला नियम विचारला. त्यानं सांगितला. जावकरावांनी तो लेखी मागितला. मागे दोन गाड्या वाजू लागल्या. शेवटी पहारेकऱ्यानं वरच्या घरात फोन लावला, “भाऊ आलेत म्हणतात,” असं कुणाला तरी सांगितलं, थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवला.

“बाईसाहेब म्हणतात वहिनींना पाठवा.”

“आणि मी?”

“तुमचं काही बोलल्या नाहीत.”

जावकरावांनी खोका खाली ठेवला. रागानं ठेवला असं त्यांना दाखवायचं होतं, पण कोपरा दबेल म्हणून तो हळूच ठेवला गेला. एवढा कागद, एवढे डास, एवढी चमकी, आणि फाटकातच ही गत. बायकोनं त्यांच्या दंडाला धरलं आणि ती तिथेच उभी राहिली. ती वर गेली नाही. मग भाऊजी घरातल्या चपलांतच धापा टाकत खाली आले, पहारेकऱ्याच्या वहीत सही केली आणि दोघांना, खोक्यासकट, वर घेऊन गेले.

अक्काची बाहेरची खोली माणसांनी भरली होती. मुलगा होता, सून होती, शेजारची चार-पाच माणसं होती, टेबलावर केक होता. अक्कानं भावजयीला जवळ ओढलं, “ये, बस. पाठ कशी आहे तुझी?” म्हणून विचारलं. भावाच्या उसवलेल्या बाहीकडे तिची नजर गेली आणि झटकन परत आली. मग ती सुनेला म्हणाली, “त्यांना पाणी विचार.”

त्यांना. ज्या बहिणीनं आपल्याला नाक शिंकरायला शिकवलं तिच्या तोंडून हे ‘त्यांना’ ऐकून जावकरावांना वाटलं, की पहारेकऱ्यानं आत सोडलं नसतं तर बरं झालं असतं. ते भिंतीकडेच्या खुर्चीत बसले आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून राहिले.

केक कापून झाला. “आधी हा मोठा उघड,” म्हणत भाऊजींनी खोका अक्काच्या पुढ्यात ठेवला. अक्कानं कुणाकडेही न पाहता रिबीन ओढली. रिबिनीखाली सुतळी निघाली. तिनं सुतळी ओढली, ती तसूभर हलली नाही. मुलानं सुरी आणली. सुरी गाठीवरून घसरली. सुनेनं कात्री आणली, तिनं लाखेवर कुरकुर केली आणि थांबली. शेजारच्या एका गृहस्थानं “द्या इकडे” म्हणून दात लावून पाहिले आणि नंतर बराच वेळ गाल धरून बसले. जावकराव भिंतीशी बसून हे पाहत होते. पंधरवडाभर ठेचला गेलेला त्यांचा अभिमान हळूहळू डोकं वर काढत होता.

अक्का हट्टाला पेटली. तिनं साडी खोचली, जमिनीवर फतकल मारली, खोका दोन्ही पायांत धरला आणि सुरीचं टोक गाठीच्या नेमक्या चुकीच्या बाजूनं खुपसलं. आता अपमान सहन होतो, मौन सहन होतं, पण आपण घातलेली गाठ कुणी चुकीच्या बाजूनं उकरावी हे कुठल्याही जावकवाल्याला सहन होत नाही.

“अगं, तशी नाही सुटत ती,” जावकराव खुर्चीतून म्हणाले.

“मग कशी सुटते?” अक्कानं वर न पाहता विचारलं.

भाऊजींचा केकचा घास वाटेतच थांबला. सून काहीतरी बोलणार होती, जावकरावांच्या बायकोनं तिचा हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हललं नाही.

“खालचा पदर आधी ढिला करायचा,” जावकराव उठून येत म्हणाले. “सुरी ठेव आधी. कापायचं नसतं.”

“का? काय होतं कापलं तर?”

“कापलेली सुतळी परत वापरता येत नाही.”

“वाढदिवस माझा आहे की सुतळीचा?” अक्का म्हणाली. “आणि हे लाल काय थापलंयस?”

“सील आहे.”

“कुणाचं?”

“माझ्या कोटाच्या बटणाचं.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बुटाची नाडी बांधता येत नव्हती तुला. शाळेच्या फाटकात रोज कोण बांधायचं?”

“तूच.”

“मग असली गाठ मी शिकवली होती तुला?”

“तुझीच आहे ती. वर नुसते दोन वेढे जास्त घेतलेत.”

अक्का गाठीकडे पाहत राहिली. मग तिनं सुरी बाजूला सारली आणि नखानं खालचा पदर ढिला करू लागली. जावकराव उसवल्या बाहीनिशी तिच्यासमोर जमिनीवर बसले. एक गाठ सुटायला दोघांच्या चार शिव्या लागत होत्या, त्यांतल्या साडेतीन अक्काच्या. सुतळी सुटली. कागद निघाला. आणि मग अक्कानं खोका एका अंगावर केला, दुसऱ्या अंगावर केला, उलटा केला.

“झाकण कुठाय?”

“झाकण नाही.”

“नाही म्हणजे?”

“झाकण हा खोक्याचा कमकुवत भाग असतो.”

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. चमकीचा एक कण अजून त्यांच्या भुवईत होता आणि तिचा हात तो काढायला आपोआप पुढे झाला. मधेच तिला काहीतरी आठवलं. हात तसाच हवेत थांबला.

“मी बोलत नाहीये तुझ्याशी,” ती म्हणाली. “माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” जावकराव खोक्याची कड चाचपत म्हणाले. “ते टोक धर. आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

अक्कानं दोन्ही हातांनी धरलं.